विनातारण

फॉर्म चार पानांचा होता आणि अशरफ वाडकरने तिसऱ्या पानापर्यंत मजल मारली होती. नाव, सिव्हिल आयडी, पगार, बायको एक, मुलगी एक, नोकरी कुवेतमधल्या वफ्राच्या भाजीमळ्यावर स्टोअरकीपर. सगळं त्याने दाबून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र पेन थांबलं. तिथे विचारलं होतं, आपल्याला कधीही दिवाळखोर घोषित करण्यात आलं आहे काय? पुढे हरभऱ्याएवढे दोन चौकोन होते, एक होयचा आणि एक नाहीचा.

आता तो 'कधीही' घालायची काही गरज होती का? गेल्या पाच वर्षांत, असं विचारलं असतं तर बँकेचं काय बिघडलं असतं? पण नाही. फॉर्म लिहिणाऱ्यांना माणसाची खपली कुठे आहे ते बरोबर ठाऊक असतं, आणि ते नेमकं तिथेच नख लावतात.

टेबलापलीकडे क्षितिजा बसली होती. सबाह अल-सालेमच्या जमियात, म्हणजे तिथल्या सहकारी बाजारात, दुधाच्या फ्रिजशेजारी बँकेने टेबल मांडलं होतं आणि कार्ड विकायला डोंबिवलीच्या या बाईला बसवलं होतं. अशरफ फोनवर मराठीत बोलत चालला होता ते ऐकून तिनेच हाक मारली होती. काका, डिपॉझिट नको, जामीन नको, नुसता सहा महिन्यांचा पगार आमच्या बँकेत आलेला असला की कार्ड, असं तिने एका दमात सांगितलं होतं. अशरफचा पगार दहा महिन्यांपासून त्याच बँकेत येत होता. याआधी दोन बँकांनी त्याला कार्ड देऊ केलं होतं, पण कार्डाच्या दीडपट रक्कम गोठवून ठेवा म्हणाल्या होत्या. गोठवायला रक्कम असती तर तो कार्डाच्या मागे लागला असता कशाला?

त्याचं पेन अडलेलं पाहून क्षितिजा पुढे वाकली. तिने चौकोन पाहिले, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली की काका, ते रिकामंच सोडा. जुन्या फायली कोणी उघडत नाही, आणि महिनाअखेरपर्यंत तिला अजून अकरा कार्डं द्यायची होती. अशरफने चौकोन रिकामे सोडले. खोटं लिहिलं नाही, असं त्याने मनाला बजावलं. मन काही ऐकेना.

चौथ्या पानावर ओळखीच्या माणसाचं नाव हवं होतं. नातेवाईक नको, दहा वर्षांची ओळख हवी, आणि तेलकंपनीतला कोणी असेल तर फारच उत्तम, असं क्षितिजा म्हणाली. तेलकंपनीतला दहा वर्षं जुना माणूस अशरफला एकच ठाऊक होता. दिनकर करंदीकर, नाशिकचा इंजिनिअर. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. दिनकर काही गाढव नव्हता, चांगला भला माणूस होता, पण पाय धरायची पाळी आली ती आलीच. अशरफने त्याचा नंबर लिहिला आणि सही केली.

ही पाळी का आली ते सांगायला हवं. अशरफची मुलगी असमा बारावीला शाळेत दुसरी आली होती. मलेशियातल्या एका विद्यापीठाने तिला फार्मसीला फीमाफी कबूल केली होती, फक्त इंग्रजीच्या एका परीक्षेचा दाखला मागितला होता. परीक्षेला नाव नोंदवायचं ते इंटरनेटवरून, आणि फी भरायची ती कार्डानेच. रोख चालत नव्हती, ड्राफ्ट चालत नव्हता. एक्केचाळीस दिनारांचा प्रश्न होता. तेवढे अशरफच्या खिशात होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. महिनाअखेर नोंदणी बंद होणार होती, म्हणजे हातात बारा दिवस होते.

असमाने बापाला न विचारता एक उपाय करून पाहिला होता. दिनकरची मुलगी ज्ञानदा तिच्याच वर्गात होती आणि तिची नोंदणी वडिलांच्या कार्डावर कधीच झाली होती. असमा एक्केचाळीस दिनार पाकिटात घालून त्यांच्याकडे गेली. दिनकर कामावर होता. त्याच्या बायकोने, शर्मिलाने, तिला सरबत दिलं आणि सांगितलं की आमचं कार्ड हल्ली बंद पडलंय गं. त्याच संध्याकाळी असमाने तिला जमियाच्या काउंटरवर तेच कार्ड पुढे करताना पाहिलं. घरी येऊन पोरगी एवढंच म्हणाली, "इट्स ओके, अब्बा. आय कॅन अप्लाय नेक्स्ट इयर." आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

अशरफला त्या रात्री जेवण गेलं नाही. शर्मिलाचा राग आला का? आला, पण पुरता येईना. ज्या माणसाचं दिवाळं निघालंय त्याच्या घरी कार्डाचा नंबर द्यायचा म्हटलं तर कोणाचाही हात आखडेल. स्वतःची कीव मात्र भरपूर आली, आणि तिचा त्याला जास्त राग आला.

दिवाळं निघालं होतं हे खरंच. इराकी गेल्यावर, ब्याण्णव साली, अशरफने एका कुवेती भागीदाराबरोबर किराणा मालाचं मोठं दुकान टाकलं होतं. दुकान चाललंही झकास. मग एका बांधकाम ठेकेदाराच्या कॅम्पला तो उधारीवर धान्य पुरवू लागला, आणि सत्त्याण्णवच्या डिसेंबरात तो ठेकेदार रातोरात पळाला. बँकेचं कर्ज डोक्यावर, दुकान आणि माल तिच्याकडे तारण, शिवाय सही केलेले चेक तिच्या कपाटात. कोर्टात जाऊन हात वर करण्यावाचून वाट उरली नाही. अरबीत त्याला इफलास म्हणतात. शब्द ऐकायला बरा वाटतो, पण पोट तेवढंच जाळतो.

त्याच दुकानात एक भिशी चालायची. पंधरा जण, त्यात रत्नागिरीचे होते, रायगडचे होते, पुण्या-नाशिकचे इंजिनिअरही होते. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे आणून अशरफकडे द्यायचे आणि पाळीप्रमाणे एकाने उचलायचे. कागद नाही, पावती नाही. पण भागीदाराला अठ्ठ्याण्णवसाठी माल भरायचा होता म्हणून त्या वर्षी सगळ्यांनी ठरवून पैसे उचलले नव्हते, वर्षाच्या शेवटी एकदम घेऊ म्हणाले होते, आणि ते अशरफने दुकानात फिरवले होते. कोर्टात अर्ज द्यायच्या आधीच्या शुक्रवारी त्याने गल्ल्यातली तीन आठवड्यांची विक्री काढली, कमी पडलं तिथे फरजानाच्या बांगड्या मोडल्या, पंधरा पिवळी पाकिटं भरली आणि घरोघर जाऊन ज्याचं त्याच्या हातात दिलं. मग सोमवारी तो कोर्टात गेला.

कायद्याला हे चालत नाही. बुडणाऱ्याने आधी कोणाला द्यायचं ते कायदा ठरवतो, बुडणारा नाही. तीन आठवड्यांची विक्री कुठे गेली, कोणाकोणाला दिली, नावं सांगा, म्हणजे ते पैसे परत आणता येतील, असं त्याला विचारलं गेलं. अशरफ म्हणाला, आठवत नाही. त्या 'आठवत नाही'पायी तो चार महिने आत बसला. बाहेर आल्यावर देश सोडायची बंदी, मिळेल ती नोकरी, दर महिन्याला हप्ता. आई गेली तेव्हा दापोलीला जाता आलं नाही. शेवटचा हप्ता दोन हजार तीन साली फिटला आणि कोर्टाने पत परत दिल्याचा कागद दिला. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून कपाटात होता. पंधरा जणांनी लगेच नवी भिशी सुरू केली होती. अशरफला कोणी बोलावलं नाही. मुद्दाम नव्हे, अवघडल्यासारखं झालं असेल. पण नाही बोलावलं ते नाहीच.

फॉर्म दिल्याला चार दिवस झाले. पाचव्या दिवशी अशरफ वफ्राच्या शीतगोदामात काकड्यांचे खोके मोजत होता, तेव्हा दिनकरचा फोन आला. सात वर्षांत दिनकरने आपण होऊन फोन केला नव्हता. ईदला, दिवाळीला भेट व्हायची तेवढीच. अशरफ गोदामाबाहेर उन्हात आला.

दिनकर खुशीत होता. बँकेचा फोन आला होता, अहमद नावाचा कोणी कर्जविभागाचा अधिकारी. त्याने विचारलं, हा माणूस व्यवहाराला कसा आहे? आणि दिनकरने छातीठोकपणे सांगितलं होतं.

"मी म्हटलं त्याला, अहो, ह्या माणसाचं दुकान बुडालं ना, तेव्हा कोर्टात जायच्या आधी आम्हा पंधरा जणांचे पैसे घरी आणून दिले त्याने. बँकेचे राहिले, पण आमचा एक फिल्स ठेवला नाही. असा माणूस शोधून मिळणार नाही. बरोबर सांगितलं ना, अशरफभाई?"

अशरफ भिंतीला टेकला. भल्या माणसाने तारीफ म्हणून नेमकी तीच गोष्ट सांगितली होती, जी न सांगण्यासाठी अशरफ चार महिने आत बसला होता. आणि वर बँकेलाच सांगितलं होतं, बँकेचे राहिले म्हणून. कमाल आहे बाबा इंजिनिअरांची. शिक्षा कशाची झाली होती हे दिनकरला ठाऊकच नव्हतं. बाउन्स झालेल्या चेकांची, असंच सगळे समजून होते, आणि अशरफने कोणाचा समज दुरुस्त केला नव्हता.

"बरोबर सांगितलंत," अशरफ म्हणाला. "मेहेरबानी."

तासाभरात बँकेचाही फोन आला. अहमदसाहेबांनी शनिवारी सकाळी दहाला भेटायला बोलावलं होतं, मूळ कागदपत्रं घेऊन. आवाज कोरडा होता.

शुक्रवारचा दिवस कसा गेला ते अशरफलाच ठाऊक. फरजाना म्हणाली जाऊच नका, उगाच जुनं उकरून काढतील, परत काही लचांड मागे लागलं तर? तिचं काय चुकलं होतं? सात वर्षांपूर्वी तिने दर शुक्रवारी डबा घेऊन तुरुंगाबाहेर रांग लावली होती. असमाने फक्त बापाचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. तो शर्ट पाहिल्यावर न जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

शनिवारी अशरफने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साडेनऊलाच बँकेत जाऊन बसला. अहमद साठीला टेकलेला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, गृहस्थ होता, चष्मा कपाळावर, समोर एकच फाइल. चहा विचारला नाही. अशरफने कोर्टाचा कागद पुढे ठेवला. अहमदने तो दोनदा वाचला, बाजूला केला, आणि फॉर्मचं तिसरं पान त्याच्याकडे वळवलं. हे रिकामं का, असं त्याने अरबीत विचारलं.

क्षितिजाचं नाव सांगता आलं असतं. तीनच शब्द, तिने सांगितलं होतं. पण त्या बाईची नोकरी घालवून असमाची फी भरायची? अशरफने टेबलावरचं पेन उचललं आणि होयच्या चौकोनात खूण केली. खूण जरा चौकोनाबाहेर गेली.

"भीती वाटली," तो म्हणाला. "म्हणून रिकामं सोडलं."

अहमदने मान हलवली. मग तो मुद्द्यावर आला. तुमच्या ओळखीच्या माणसाने फार तारीफ केली, असं तो म्हणाला. एवढी की मला कोर्टातून जुनी फाइल मागवावी लागली. तीन आठवड्यांची विक्री, चार महिने शिक्षा. फाइलमध्ये लिहिलंय की आरोपीला नावं आठवत नाहीत. आता आठवतात का?

अशरफच्या लक्षात आलं की एक नाव तर या माणसाकडे आहेच, फॉर्मच्या चौथ्या पानावर, टेलिफोन नंबरासकट. जुनं प्रकरण मिटलेलं होतं, पण मिटलेलं पुन्हा उघडतच नाही असं कोण सांगणार? दिनकरची मुलगी परीक्षेला बसायची होती. त्याची नोकरी होती.

"नाही," अशरफ म्हणाला. "आठवत नाहीत."

"मग हा करंदीकर?"

"तो भला माणूस आहे. माझी बाजू घ्यायला काहीतरी बोलला."

अहमदने चष्मा डोळ्यांवर घेतला. मग खुर्चीत मागे रेलून त्याने साधा हिशेब मांडला. मी बँकेचा नोकर आहे, तो म्हणाला. माझ्यासमोर असा माणूस बसलाय ज्याने अडचणीच्या वेळी आधी आपल्या लोकांचं दिलं आणि बँकेला मागे ठेवलं. उद्या पुन्हा अडचण आली तर तो पुन्हा तेच करील. मग मी त्याला तारणाशिवाय, जामिनाशिवाय कार्ड द्यायचं ते कशाच्या जोरावर? तुम्ही माझ्या जागी असता तर दिलं असतं?

प्रश्न चोख होता. अशरफ घरून चार उत्तरं पाठ करून आला होता, मुलीचं, फीचं, आजवर फेडलेल्या हप्त्यांचं. त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं. सगळं संपलं असं त्याला वाटलं, आणि संपलं असं वाटल्यावर माणूस खरं बोलतो. वीस वर्षांत कमावलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत तो हळूहळू बोलू लागला.

"साहेब, तेव्हा बँकेकडे माझं दुकान होतं. माल होता. चेक होते. पाठीशी कोर्ट होतं. त्या लोकांकडे काय होतं? एक कागद नव्हता. माझा शब्द होता फक्त. ज्याच्याकडे फक्त शब्द असतो, त्याचं आधी द्यावं लागतं. नाहीतर त्याच्याकडे काय राहिलं?"

अहमदने कोर्टाचा कागद पुन्हा समोर ओढला.

"बँकेचंही पुढे दिलंच. सहा वर्षं लागली, पण दिलं. आता तुमचं हे कार्ड. दुकान नाही, डिपॉझिट नाही, जामीन नाही. ह्या खेपेला तुमच्याकडेही माझा शब्दच आहे." अशरफ थांबला. "म्हणजे ह्या खेपेला तुम्ही त्यांच्या रांगेत आहात, साहेब. पहिल्या."

अहमदने फाइल मिटली. पुन्हा उघडली. कोर्टाच्या कागदावरचा शिक्का त्याने अंगठ्याने चाचपला, मग ड्रॉवरमधून एक छापील कागद काढून त्यावर काहीतरी लिहू लागला. लिहिता लिहिता त्याने विचारलं की तो करंदीकर, त्याला ठाऊक आहे का तुम्ही आत कशासाठी गेला होता ते? अशरफने नाही म्हटलं. सांगणार आहात? पुन्हा नाही. अहमदने त्यावर हूं केलं आणि लिहीत राहिला. तीनशेची मर्यादा खोडून त्याने शंभर केली, सही केली, आणि कार्ड बुधवारी शाखेतूनच घेऊन जा, पोस्टाची वाट पाहू नका, असं सांगितलं. मग पहिल्यांदाच त्याने चहा मागवला.

बुधवार येईपर्यंत अशरफला खरं वाटलं नाही. बुधवारी कार्ड हातात आलं. निळं, गुळगुळीत, त्यावर उठावदार अक्षरांत त्याचं नाव. संध्याकाळी असमाने शाळेजवळच्या इंटरनेट कॅफेत बसून एकेक आकडा टाइप केला, बाप मागे उभा राहून तो मोठ्याने वाचून दाखवत होता. पडद्यावर चक्र फिरलं. फिरतच राहिलं. मग परीक्षेची तारीख आणि केंद्राचं नाव आलं. असमाने वळून बापाच्या शर्टात तोंड खुपसलं आणि तिथेच रडली. "थँक यू"सुद्धा तिच्याच्याने म्हणवेना. कॅफेवाला दुसरीकडे बघत राहिला.

घरी पोचतो न पोचतो तोच दिनकरचा फोन आला. काम झालं का, विचारत होता.

"झालं," अशरफ म्हणाला. "तुमच्या शब्दावर झालं, दिनकरराव."

पलीकडे दिनकर एवढा खूश झाला की विचारू नका. शर्मिलालाही हाक मारून सांगितलं त्याने. अशरफने हसत हसत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मग त्याने कपाटाचा खालचा खण उघडला, तळातून एक पिवळं पाकीट काढलं आणि जेवायच्या टेबलाशी बसला. बिल यायला अजून पंचवीस दिवस होते. त्याने एक्केचाळीस दिनार मोजले, पाकिटात घातले, आणि वर दाबून, सुवाच्य अक्षरात बँकेचं नाव लिहिलं. फरजाना भाकरी थापत होती. तिने मान वळवून पाकिटाकडे पाहिलं. अशी पंधरा पाकिटं तिने एकदा पाहिली होती, आपल्या मोडलेल्या बांगड्यांच्या पैशांनी भरलेली.

"सोळावं?" तिने विचारलं.

अशरफने मान डोलावली. तिने पिठाचे हात पुसले, पाकीट उचललं आणि डाळीच्या डब्यामागे, जिथे कोणाचा हात पडत नाही तिथे, नीट ठेवून दिलं.